घाटातलं इंजिन आणि मावशीचा बंब

परबमामांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते माझ्यावर ओरडत होते. लग्न होऊन मुलुंडला येऊन मला जेमतेम आठवडा झाला असेल. पाचरस्त्याच्या मागच्या अंगाला आमची कौलारू खोल्यांची ओळ होती. मागे मोऱ्या आणि मोरीबाहेर पाणी तापवायचा तांब्याचा बंब. पावसाळ्याचे दिवस, कोळसे दमट, सासूबाई आंघोळीसाठी खोळंबलेल्या, आणि मी बंबापुढे बसून गाल दुखेपर्यंत फुंकत होते. धुराने सगळी ओळ भरली होती. इतक्यात एक उंच, खांद्यात वाकलेला माणूस मागून आला. त्याने मला हातानेच बाजूला व्हायला सांगितलं, निम्मे कोळसे बोटांनी उचलून बाहेर ठेवले, खालची राख झटकली आणि उरलेले कोळसे नीट रचले.

"काळो धूर म्हणजे फुकट गेलेलो कोळसो," तो म्हणाला. "कोणी शिकवल्यान तुका?"

नवी नवरी मी, रडायचीच बाकी होते. सासूबाई आतून म्हणाल्या, मनावर घेऊ नकोस, तो डोंगरावरचा डायवर आहे, गाडी बंद आहे म्हणून त्याचे हात शिवशिवतात. पाणी मात्र एरवीच्या निम्म्या वेळात तापलं. बंबातून धूर येतोय की नाही हेसुद्धा कळत नव्हतं. त्या दिवसापासून मी त्यांच्यावर रागवायचं ठरवलं होतं, ते काही मला जमलं नाही.

नेरळहून माथेरानला जी छोटी गाडी डोंगर चढून जाते, तिच्या इंजिनावर परबमामा ड्रायव्हर होते. पावसाळ्यात ती गाडी बंद राही. इंजिनं खोलून दुरुस्तीला काढत आणि मामांना तेवढ्यापुरतं खालच्या शेडात, मुलुंडहून जाऊन-येऊन करता येईल असं काम मिळे. तेव्हा ते मुलुंडच्या खोलीत राहायला येत. दसऱ्याच्या सुमारास पिशवी उचलून परत नेरळला. त्यांच्या लेखी वर्षाचे दोनच भाग होते, गाडी चालू आणि गाडी बंद. बायको कधी वारली असं कोणी विचारलं तर ते म्हणत, गाडी चालू व्हायच्या जरा आधी. महिना, तिथी त्यांना सांगता येत नसे.

मुलुंडमध्ये ते पाहुण्यासारखे राहत. स्वतःच्याच खोलीत भिंतीला पाठ न टेकता बसत. हातात कायम एक तेलकट फडका, आणि त्याने समोर येईल ते पुसत राहायचं. कप, कडी, खिडकीचे गज, एकदा तर आमच्या सासूबाईंचा अडकित्ता. इंजिनाच्या आवाजाने कान जड झालेले, त्यामुळे बोलणं मोजकं आणि वरच्या पट्टीत. चहा चुलीवरून उतरला की तसाच ओठाला लावायचे. तळहात इतके भाजून निबर झालेले की निखारा उचलून विडी पेटवत. आमच्या ओळीतली पोरं ते बघायला मुद्दाम जमत आणि मामा विडी नको असली तरी पेटवत.

त्यांना एकच मुलगी, सुली. आई गेली तेव्हा ती अगदी लहान होती. बाप आठ महिने डोंगरावर, मग पोरीला सांभाळणार कोण? तिच्या आईची बहीण, सरूमावशी, घाटकोपरला राहायची, तिने सुलीला उचलून नेलं आणि आपल्या मुलांत वाढवलं. मावशी बोलायला फटकळ, पण न्यायाला पक्की. पावसाळा लागला की ती आपणहून सुलीला मुलुंडला आणून सोडायची. बापाने बोलवायचं नाही, मावशीने विचारायचं नाही, पोरगी आपली पिशवी घेऊन दारात हजर. शेजारच्या बायका सांगायच्या, तेव्हा मामा तिची वेणी स्वतः घालत. वेणी अशी आवळायचे की पोरीचे डोळे ताणायचे आणि चार दिवस एक केस सुटायचा नाही. मी आले तेव्हा सुली मोठी झाली होती, वेणी स्वतःची स्वतः घालायची. पण बापाजवळ बसून दोघं काही न बोलता शेंगा खात, ते मी पाहिलंय. त्या दिवसांत मामा भिंतीला टेकून बसत.

एका गणपतीत आमच्या ओळीतल्या एका कारकुनाने त्यांची चेष्टा केली. म्हणाला, मामा, तुमचं इंजिन म्हणजे जत्रेतलं खेळणं, त्याला ड्रायव्हर कशाला हवा? मामा उठले, सगळ्यांच्या दारांतल्या चपला गोळा करून आणल्या आणि ओसरीवर तीन जोड एकामागे एक मांडले. मग आम्हाला सगळ्यांना भोवती बसवून इंजिन शिकवलं. मैदानातल्या इंजिनाची चाकं एका सरळ चौकटीत जखडलेली असतात. डोंगरातल्या वळणावर ते घातलं तर एकतर ते उतरेल नाहीतर रूळ उखडेल. आखूड इंजिन केलं तर वळेल, पण मग चढायला ताकद कुठली? म्हणून या इंजिनाला अंग मोडता येतं. मधला जोड सरळ राहतो, पुढचा आणि मागचा जोड वळणाप्रमाणे आडवा सरकतो. बाहेरचा अक्सल, म्हणजे चाकांमधला दांडा, पोकळ, त्याच्या पोटात दुसरा. आतला फिरवतो, बाहेरचा वळतो. हे सांगताना त्यांनी पुढच्या चपला डावीकडे आणि मागच्या उजवीकडे अशा हळूच सरकवल्या की खरंच काहीतरी वळण घेऊन गेल्यासारखं वाटलं. इतकं बोलताना मी त्यांना त्याआधी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो कारकून एक आपली आणि एक माझ्या नवऱ्याची चप्पल घालून कचेरीत गेला, ते वेगळं.

पुढल्या थंडीत आम्ही दोघं माथेरानला गेलो. उतरताना गाडीवर मामा होते. मुलुंडमध्ये पाय कुठे ठेवावेत हे न कळणारा तो माणूस तिथे निराळाच दिसला. खांद्यातलं वाकणं गेलेलं, एक हात बाहेर, आणि वळणागणिक इंजिनाबरोबर त्यांचंही अंग झुकायचं. उतारावर नुसतं इंजिन गाडी धरू शकत नाही. म्हणून प्रत्येक डब्यावर हातब्रेकचं चाक घेऊन एक माणूस उभा असतो. ड्रायव्हरने शिटी दिली की सगळ्यांनी आपापला ब्रेक आवळायचा, दुसरी दिली की सोडायचा. मामा शिटी देत होते आणि मागे माणसं चाकं फिरवत होती. कोण फिरवतंय, किती फिरवतंय, हे मामांना दिसतसुद्धा नव्हतं. वाटेत इंजिन पाणी प्यायला थांबलं तेव्हा मी खाली उतरून विचारलं, मामा, एखादा चुकला, झोपला तर? त्यांना माझा प्रश्नच कळला नाही.

"झोपतलो कसो?" ते म्हणाले. "आपापल्या जागेर असतत सगळे. सांगूचा लागणा नाय."

आयुष्यभर त्यांनी माणसांवर असाच भरवसा टाकला. ज्याने जिथे असायचं तो तिथे असणारच, बोलून दाखवायची गरज नाही. डोंगरावर ते खरं होतं. खाली आमच्या मुलुंड-घाटकोपरात ते चालत नाही, हे त्यांना सांगणारं कोणी नव्हतं.

सुलीचं लग्न अंधेरीच्या एका चांगल्या मुलाशी झालं. वर्षभराने तिला दिवस गेल्याचं कळलं, आणि त्याच सुमारास मामांनी नोकरी सोडली. ओळीत तर्क सुरू झाले. डोंगरावर डिझेलची इंजिनं येणार अशी बोलवा होती, मामांना ती शिकायची नसतील, असं काही म्हणाले. डोळे अधू झाले असतील, असं बाकीचे. खरं तर वाफेची इंजिनं लगेच जाणार नव्हती आणि मामांची मुदत सरायला अवकाश होता. त्यांना विचारलं तर ते फडका झटकून म्हणत, बास झाला.

गाडी चालू असताना परबमामा मुलुंडला, हे दृश्यच विचित्र होतं. पहिले काही दिवस ते संध्याकाळी टेकडीच्या बाजूला तोंड करून उभे राहत. मग एकदम कामाला लागले. खोलीला चुना दिला. कौलं शाकारली. मोरीत न घसरणारी फरशी घातली. स्वतःचा बंब नव्याने कल्हई करून आणला. बाळंतिणीच्या खाटेखाली ठेवायला पसरट शेगडी बनवून घेतली, तिची जाळी तर तीनदा बदलली. माळ्यावरचा सुलीचा पाळणा खाली काढला, त्याच्या कड्यांना तेल दिलं आणि तुळईला हूक ठोकून तो टांगला. रोज सकाळी ते त्याला एक झोका देऊन कडी कुरकुरते का ते ऐकत. कान जड, म्हणून ऐकायला मला बोलवत.

मी विचारलं, सुली बाळंतपणाला इकडे येणार ना? म्हणाले, "येतली." इतक्या ठाम सुरात, की सगळं ठरलेलं असणार असंच कोणालाही वाटलं असतं. तेल लावायला, न्हाऊ घालायला येणाऱ्या बाईशी मी बोलून ठेवलं. ओळीतल्या बायकांनी आळीपाळीने डिंकाचे लाडू, खीर करायचं ठरवलं. घरात बाई नाही म्हणून काही अडणार नव्हतं. पाणी आणि शेक मी बघतो, असं मामा म्हणत, आणि त्यात कोणाला शंका नव्हती. उभा जन्म त्यांनी आग आणि पाणीच तर सांभाळलं होतं.

उन्हं तापायला लागली. सुलीचा सातवा सरला, आठवा सरत आला. मामा रोज सकाळी खोली झाडून दारात बसत.

एका दुपारी दारात सरूमावशी उभी राहिली. मी मामांना ताक द्यायला गेले होते, म्हणून तिथेच होते. मावशीने टांगलेला पाळणा पाहिला आणि ती जरा थबकली. मग म्हणाली, "बरं झालं काढून ठेवलात. पाळणाच न्यायला आलेय. सुलीला आणून आठवडा झाला."

मामांना वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"कोणी आणल्यान?" त्यांनी विचारलं.

"मी. नारळ, खण घेऊन अंधेरीला गेले. पोर सातव्यापासून वाट बघत होती, माझे बाबा न्यायला येतील म्हणून. सासरची माणसं विचारायला लागली, हिला माहेर आहे की नाही. शेवटी मी गेले."

 मामांनी त्यावर जे विचारलं ते आजही माझ्या कानात आहे.

"आणूक जावचा लागता?"

 पहिलटकरणीला माहेरच्या माणसाने सासरी जाऊन, ओटी भरून, मानाने आणायचं असतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. पण ते पोरांना कळतं आईच्या, आजीच्या बोलण्यातून. मामांच्या घरात ते बोलायला कोण होतं? आणि त्यांचा अनुभव काय, तर दरसाल पावसाळा आला की सुली न बोलावता येते. यंदाही वेळ झाली की ती येणार, आपण जागेवर असलं म्हणजे पुरे. तिकडे सुली सासरच्या दाराकडे डोळे लावून बसलेली, इकडे हे आपल्या दारात.

मावशी म्हणाली, तुम्ही डोंगरावर, तुम्हाला कुठली सुट्टी मिळणार असं आम्ही समजलो. मामा म्हणाले, नोकरी सोडली. कधी, कशासाठी, असं मावशीने विचारलं तेव्हा त्यांनी नुसतं पाळण्याकडे बोट केलं. मावशी उंबऱ्यावर बसली.

"अहो, मग तोंडाने बोलायचं ना एकदा," ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता.

आता पोरीला तिथून हलवणं शक्य नव्हतं, दिवस भरत आले होते. मामांनी स्टुलावर चढून पाळणा हुकावरून काढला, दोरीने बांधला, शेगडीही बरोबर घेतली. निघताना त्यांनी मावशीला एवढंच विचारलं, तुमच्याकडे पाणी कोण तापवतं? ती म्हणाली, मीच, दुसरं कोण. त्यावर त्यांनी डोकं खाली घालून सांगितलं, "माका येवंदे."

त्या दिवसापासून परबमामा रोज पहाटे घाटकोपरला जायला लागले. मावशीच्या मागच्या अंगणात बंब होता, त्याच्याशी जाऊन बसायचे. सुलीला मुलगा झाला, आणि मग तर तिथला बंब विझलाच नाही. बाळंतिणीचं पाणी, बाळाचं पाणी, शेगडीचे निखारे. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाने जायचं नाही, म्हणून निखारे भरलेली शेगडी ते दारापर्यंत आणून ठेवत आणि मावशी आत नेई. बाळाच्या पाण्याला मात्र मावशी त्यांना हात लावू देत नसे. पहिल्याच दिवशी मामांनी हात बुडवून कोमट आहे म्हणून सांगितलं आणि मावशीने बोट घालताच हात झटकला. त्यांच्या तळव्याला ते पाणी खरोखरच कोमट लागलं होतं. त्यानंतर ते पाणी तापवून बाजूला होत आणि मावशीने थंड पाण्याचं विसण घालेपर्यंत बघत उभे राहत.

मी झबलं-टोपडं घेऊन बाळाला बघायला गेले तेव्हा सुली खाटेवर शेक घेत पडली होती. मागच्या दारातून मामांची पाठ दिसत होती. मी हळूच विचारलं, बोलतेस ना त्यांच्याशी? ती म्हणाली, पहिले काही दिवस नाहीच बोलले. खूप राग होता. सासूने दहा जणींत विचारलं होतं, कुठेत तुझे वडील. मग मावशीने नोकरीचं सांगितलं तेव्हा रागही धड करता येईना.

"एक दिवस बाबांना ताप होता, आले नाहीत," सुली म्हणाली. "मावशीने बंब पेटवला. खोलीत सगळा धूर झाला, बाळ खोकायला लागलं. तेव्हा कळलं मला, इतके दिवस धूर का नव्हता ते."

ती तोंड फिरवून रडली. बाळंतिणीने रडू नये म्हणून मी तिला रागावले आणि तिच्याबरोबर रडले.

सव्वा महिना झाला आणि अंधेरीहून जावई न्यायला आला. मीही मुद्दाम गेले होते. पावसाळा लागला होता. इतकी वर्षं याच दिवसांत सुली बापाकडे यायची, आणि आता याच दिवसांत ती सासरी चालली होती. हे मला सुचलं तर मामांना सुचलंच असणार. ते मागच्या अंगणात बंबाची राख काढत होते. काढायची काही गरज नव्हती.

सुली बाळाला घेऊन मागच्या दारी आली आणि तिने बाळ त्यांच्या हातात ठेवलं. मामा इतके घाबरलेले मी कधी पाहिले नव्हते. त्यांनी बाळाच्या गालावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि म्हणाले, हाताला काही कळत नाही. मग मान वाकवून त्यांनी आपला गाल बाळाच्या गालाला लावला आणि तसेच राहिले. जावई घड्याळाकडे बघत होता, त्याला मावशीने डोळ्यांनी दटावलं.

निघताना सुली सगळ्यांच्या पाया पडली. बापासमोर आली तेव्हा जरा मोठ्याने, त्यांना नीट ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "बाबा, दिवाळीला मला न्यायला या." मामांनी मान हलवली. काय कळलं, किती कळलं, त्यांच्या चेहऱ्यावरून समजलं नाही.

त्यानंतरचे महिने मामांनी कसे काढले ते मी पाहिलं आहे. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. खोली कधीच तयार होती. ते ओळीतल्या सगळ्यांचे बंब पेटवून देत, कोणी नको म्हटलं तरी. पाऊस उघडला, दसरा झाला. माझ्या नवऱ्याला अंबरनाथच्या कारखान्यात जागा मिळाली होती आणि तिथल्या बिऱ्हाडाची किल्लीही हातात आली होती. सामान बांधून आम्ही टेम्पोची वाट बघत होतो. सकाळची वेळ होती.

मामांच्या खोलीचं दार उघडलं. ते बाहेर आले तेव्हा मी आधी ओळखलंच नाही. धुतलेलं पांढरं धोतर, काळा कोट, डोक्याला टोपी. हातात पिशवी आणि पिशवीतून नारळाची शेंडी बाहेर आलेली. ते थेट माझ्याकडे आले आणि कागदात गुंडाळलेला खण उलगडून दाखवला. हिरवा चालतो ना, असं त्यांनी विचारलं. मी चालतो म्हटलं. ओटीला तांदूळ घेतले का विचारलं, तर खिशातून पुरचुंडी काढून दाखवली. हळदकुंकूही होतं. कोणाकोणाला विचारून त्यांनी हे जमवलं असेल कोण जाणे.

कुठे निघालात हे विचारायची गरज नव्हती. पण दिवाळीला अजून बरेच दिवस होते. सासरची माणसं इतक्या आधी लेकीला पाठवत नाहीत, कदाचित नुसता चहा देऊन परत लावतील, हे मला दिसत होतं. म्हणून मी म्हटलं, मामा, अजून वेळ आहे हो दिवाळीला.

"असांदे गो," ते म्हणाले. "एकदा उशीर झालो."

आणि पिशवीतला नारळ हाताने सावरत ते पाचरस्त्याच्या दिशेने चालायला लागले. आमचा टेम्पो आला, सामान चढलं, आम्ही निघालो. मुलुंडला पुन्हा जाणं झालं नाही, आणि त्या दिवशी सुली आली की नाही, ते मला आजतागायत कळलेलं नाही.